अर्धशिशीचं पथ्य कोणाला परवडतं?

"बाबासाहेब आजारी असतानाही 18-18 तास काम करायचे, आणि तुम्हाला साधं डोकं दुखतं म्हणून मीटिंग सोडून जावं लागतं?"

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, जयंतीच्या तयारीच्या बैठकीत, एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने 30-40 लोकांसमोर मला हे ऐकवलं. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. विहारातली एक ट्यूबलाइट सारखी लुकलुकत होती आणि वर्गणीच्या हिशोबावरून आवाज चढले होते. माझ्या उजव्या डोळ्याच्या मागे संध्याकाळपासून कोणीतरी घण मारत होतं. मी काही बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं असतं तर ओकारी झाली असती. बाहेर जाऊन नालीच्या कडेला बसले, ओकले, आणि वस्तीतल्या एका मुलीने मला स्कूटीवर घरी सोडलं.

उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज देते आहे. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की हे उत्तर फक्त त्यांना देऊन भागणार नाही. एक हिशोब माझ्याकडेही निघतो. तोही मांडणार आहे.

आधी हा आजार काय आहे ते पाहू. 'डोकं दुखणं' आणि 'अर्धशिशी' हे आपण एकाच मापाने मोजतो. उन्हातून आल्यावर दुखलेलं डोकं चहा पिऊन, घटकाभर पडून थांबतं. मायग्रेनचा झटका उपचार न घेतल्यास 4 तासांपासून 72 तासांपर्यंत चालतो. बहुतेकदा डोक्याची एकच बाजू नाडीच्या ठोक्यासारखी ठणकते. जिना चढला, वाकून हंडा उचलला की दुखणं वाढतं. मळमळतं, उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. काही जणांना दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, हातापायाला मुंग्या येतात. दुखणं ओसरल्यावरही दिवसभर अंगात जीव नसतो. महिन्यातले 15 किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखत असेल, त्यातले किमान 8 दिवस मायग्रेनचे असतील, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं असेल, तर डॉक्टर त्याला 'क्रॉनिक मायग्रेन' म्हणतात. म्हणजे बारमाही अर्धशिशी.

पूर्वी समज होता की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून हे होतं. आता चित्र वेगळं आहे. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना वाहून नेणारी 'ट्रायजेमिनल' नावाची नस, तिच्या टोकांतून सुटणारं सीजीआरपी नावाचं द्रव्य आणि मुळातच जास्त संवेदनशील असलेला मेंदू, यांचा हा खेळ आहे. हे उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना 2021 साली डेन्मार्कचा 'ब्रेन प्राइझ' मिळाला. हा आजार घराण्यात उतरतो. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो आणि पाळीच्या चक्राशी त्याचा संबंध असतो. माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांच्या जागतिक मोजणीत 2019 साली मायग्रेन दुसऱ्या क्रमांकावर होता, आणि तरुण स्त्रियांमध्ये पहिल्या. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बंगळूर आणि परिसरात घरोघर जाऊन पाहणी झाली, तेव्हा वर्षभरात मायग्रेन झालेल्या प्रौढांचं प्रमाण साधारण 25 टक्के निघालं. दर चौघांत एक! आणि शहरापेक्षा खेड्यात ते जास्त होतं. 'हा शिकल्यासवरल्या, एसीत बसणाऱ्या बायकांचा आजार' हे ज्यांना वाटतं, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता माझं सांगते. माझ्या आजीच्या दोन्ही कानशिलांवर बिब्ब्याचे काळे डाग होते. लहानपणी मला ते गोंदण वाटायचं. डोकं उठलं की तिला बिब्ब्याचा चटका द्यायचे. आई डोक्याला फडकं करकचून बांधून भाकरी थापायची. मला बारावीच्या वर्षी पहिला झटका आला तेव्हा शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या होत्या, तरी आई काही बोलली नाही. लेकरू तडफडत असताना भिंतीकडे कोण बघतं? काकूंनी एक वाक्य मात्र उच्चारलं, ते मी विसरले नाही: "मागच्या जन्मी कोणाच्या तरी डोक्याला ताप दिला असंल पोरीनं."

पुढे समाजशास्त्रात एम.ए. करताना शहरात गेले. तिथे मागचा जन्म कोणी काढला नाही. तिथे म्हणायचे, "टेन्शन घेतेस तू." वसतिगृहाच्या खोलीत खिडकीला ओढणी लावून पडलेली असायचे तेव्हा बाहेर दोघी बोलताना ऐकलं होतं, "परीक्षा आली की हिचं डोकं दुखतं." सवलतीवर आलेल्या मुलीने आजारीही पडायचं नसतं, हे त्या दिवशी शिकले. मग मी लपवायला लागले. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी ठेवायला लागले.

ही पट्टी म्हणजे दुसरा आजार. डोकं दुखलं की गोळी, दुखेल असं वाटलं तरी गोळी. कामाला लागल्यावर सकाळी गावाला जाणारी जीप पकडायच्या आधी एक आणि मुक्कामी आल्यावर एक. मेडिकलवाला नाव न विचारता काउंटरवर पट्टी सरकवायचा. वयाच्या एकतिसाव्या वर्षी अशी वेळ आली की डोकं न दुखणारा दिवस आठवत नव्हता. घाबरून स्वतःच्या पैशाने मेंदूचा स्कॅन करून घेतला. तो स्वच्छ निघाला. घरचे म्हणाले, "बघ, काही नाही." रिपोर्टमध्ये काही नाही याचा अर्थ दुखत नाही असा सगळ्यांनी काढला. मायग्रेन स्कॅनवर दिसत नाही, तो रोग्याला नीट विचारूनच ओळखावा लागतो, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

ते सांगितलं एका सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी "कधीपासून दुखतं" याच्या आधी विचारलं, "महिन्याला गोळ्या किती खाता?" मला आकडा सांगता येईना. त्या म्हणाल्या, "लिहून आणा." घरी भिंतीवर बौद्ध दिनदर्शिका होती. डोकं दुखलं त्या तारखेला लाल गोल, गोळी घेतली तर त्यात फुली. महिना संपला तेव्हा 19 गोल होते आणि 17 तारखांवर फुल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोनच ओळी लिहून समजावलं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतलं की गोळीच डोकेदुखी पैदा करायला लागते. मी ज्याला औषध समजत होते ते कारण झालं होतं.

गोळ्या बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस नरक होते. ते खोटं सांगत नाही. त्याच वेळी झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायचं औषध सुरू झालं. प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन ही यासाठीची जुनी, स्वस्त औषधं आहेत. दोन्ही भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. (दमा असणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आणि याच कामासाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बाईला देऊ नये, गर्भाला धोका असतो. म्हणून लेख वाचून कोणी गोळी सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा.) या औषधांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि लोक नेमके दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. वेदनाशामक गोळी आता मी झटक्याच्या अगदी सुरुवातीलाच घेते, कारण झटका भरात आला की जठराचं काम मंदावतं आणि गोळी पोटात नुसती पडून राहते. पण आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. आज माझ्या दिनदर्शिकेवर महिन्याला पाच-सहा गोल असतात. आजार गेला नाही, पण तो आता माझ्या मोजणीत आहे.

इथपर्यंत ही एका रोग्याची गोष्ट झाली. डॉक्टरीणबाईंनी औषधाबरोबर एक पथ्याचा कागदही दिला होता, खरा प्रश्न तिथून सुरू होतो. कागदावर लिहिलं होतं: रोज ठरलेल्या वेळी झोपा, ठरलेल्या वेळी उठा. जेवणाची वेळ चुकवू नका. भरपूर पाणी प्या. उन्हात जाणं टाळा. ताण घेऊ नका. झटका आल्यास अंधाऱ्या, शांत खोलीत पडा.

सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. मायग्रेनचा मेंदू बदलाला चिडतो. झोप कमी झाली तरी चिडतो, जेवण लांबलं, पाणी कमी पडलं तरी चिडतो. पण हा कागद घेऊन मी घनसावंगी, अंबड, मंठा, परतूरच्या गावांत फिरते तेव्हा तो माझ्या हातात जड होतो. दसरा-दिवाळी झाली की या तालुक्यांतल्या कितीतरी वस्त्या रिकाम्या होतात. ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे तीन-चारला उठते. भाकरी बांधून फडात जाते. रात्री ट्रक आला की झोपेतून उठून डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढते. ती झोपायची वेळ कशी ठरवणार? ती वेळ कारखाना ठरवतो, मुकादम ठरवतो. पाणी भरपूर प्यायचं तर लघवीला कुठे जायचं? उघड्या फडात आडोसा नसतो म्हणून बायका पाणीच कमी पितात. अंधारी, शांत खोली? तिच्याकडे कोपी आहे, पाचटाची. एक दिवस पडून राहिली तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो. जी ऊसतोडीला जात नाही ती एप्रिलच्या उन्हात खडी फोडायला नाहीतर दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत रोजाने जाते.

पथ्य पाळायला मनाचा निग्रह लागतो असं आपण म्हणतो. निग्रहाच्या आधी स्वतःच्या दिवसावर स्वतःची मालकी लागते. ती या देशात कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, याची यादी काढा. ती यादी जातीच्या उतरंडीशी किती जुळते ते मला वेगळं सांगायची गरज नाही. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1959 साली मांडलेला भेद आम्हाला एम.ए.च्या पहिल्या वर्षी होता: एखाद्याची खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न. एकीचं डोकं दुखतं ती अडचण. दर चौघांत एकाचं दुखतं, आणि ज्यांच्या दिवसावर दुसऱ्याची मालकी आहे त्यांना उपचारच पाळता येत नाहीत, तो प्रश्न आहे.

आणि इथे मला पुन्हा त्या काकूंचं 'मागच्या जन्मी' आठवतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी कर्माच्या या कल्पनेची चिरफाड केली आहे. मागच्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी दुःख, ही कल्पना बुद्धाची असूच शकत नाही असं ते सांगतात. गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्यांच्या हालांची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज तिचा दुसरा कुठला हेतू दिसत नाही, हा त्यांचा मुद्दा आहे. आता मला सांगा, 'तुझी लाइफस्टाइल चुकीची आहे', 'तू टेन्शन घेतेस' हे काय आहे? मागचा जन्म काढून टाकला, कर्म तेवढं ठेवलं. जबाबदारी पुन्हा जिचं दुखतं तिच्यावरच. धम्म आपल्याला कारण शोधायला शिकवतो. हे आहे म्हणून ते आहे. पण कारणांची साखळी रोग्याच्या उंबऱ्यापाशी तोडायची नसते. ती फडापर्यंत, कारखान्यापर्यंत, आरोग्य केंद्राच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत न्यावी लागते.

आता त्या ज्येष्ठ बंधूंच्या वाक्याकडे येते. बाबासाहेबांनी आजारपणात काम केलं हे खरं आहे. मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी ते बेजार असत. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी 1956 साली लिहिलेली त्यांची प्रस्तावना वाचा, जी पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती. त्यात ते स्वतःच्या आजारपणाबद्दल उघड लिहितात. आपली प्रकृती इतकी ढासळली होती की डॉक्टर विझत्या ज्योतीसारखं आपल्याबद्दल बोलू लागले होते, आणि ती ज्योत पुन्हा पेटली ती पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असं सांगून त्यांनी दोघांचे आभार मानले आहेत. म्हणजे त्यांनी आजार लपवला नाही, उपचाराला कमीपणा मानला नाही, आणि श्रेय उपचार करणाऱ्यांना दिलं. आपण मात्र त्यांच्या आयुष्यातून तेवढे 18 तास उचलले आणि एकमेकांना मारायला चाबूक केला.

हेच बाबासाहेब 1928 साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले होते. बाळंतपणाच्या आगेमागे बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार तिने एकटीने सोसायचा नाही, ही त्यांची भूमिका होती. बाईच्या शरीराच्या दुखण्याला कायद्याच्या सभागृहात नेणारा माणूस 'साधं डोकं दुखतं' असं म्हणाला असता का?

आता माझ्याकडचा हिशोब. चार वर्षांपूर्वी मी एका गावात बचत गटाच्या बैठका घ्यायचे. एक मावशी दर दोन-तीन बैठकींमागे गैरहजर असायच्या. विचारलं की एकच उत्तर, "ताई, डोकं लय दुखू राह्यलं व्हतं." गटाचा नियम होता, गैरहजेरीला 20 रुपये दंड. तीन वेळा मी तो लावला. रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'नाही'. माझ्या पर्समध्ये तेव्हा गोळ्यांची पट्टी होती. माझं दुखणं मला आजार वाटत होतं आणि त्यांचं दुखणं मला बहाणा वाटला, कारण मी शिकलेली होते आणि त्या नव्हत्या. मुकादमाच्या खाड्यात आणि माझ्या दंडात फरक किती? रकमेचा. ज्येष्ठ बंधूंनी मला जे ऐकवलं तेच मी मावशींना लेखी दिलं होतं.

गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले. माफी मागितली तर त्या हसल्या, म्हणाल्या, "आवं, ईस रुपयांचं काय घेऊन बसल्या." मग मी विचारलं, "गोळ्या किती घेता?" किराणा दुकानातून सुटी गोळी, रोज सकाळी चहाबरोबर एक, कामावर जायच्या आधी. अकरा वर्षं. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून भिंतीवर कोळशाने रेघा मारायला सांगितल्या. दुखलं तर उभी रेघ, गोळी घेतली तर आडवी. महिन्याने त्या रेघा मोबाइलमध्ये टिपून आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. उपचार सुरू आहेत. दिवाळीनंतर त्या तोडीला गेल्या तेव्हा औषध सोबत होतं, पण झोपेची वेळ सोबत नेता आली नाही. त्यामुळे गुण माझ्याइतका नाही. एकच आजार आणि एकच औषध असताना हा फरक कुठून आला, हे वर लिहिलं आहे.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट मागते.

आरोग्य केंद्रात तिशी ओलांडलेल्यांचं बीपी, शुगर तपासतात, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे का ते पाहतात. त्याच वेळी दोन प्रश्न विचारा: महिन्यात डोकं किती दिवस दुखतं, आणि गोळी किती दिवस घेता? याला कुठलंही यंत्र लागत नाही. प्रतिबंधाची स्वस्त औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळाली पाहिजेत. तोडीला जाणाऱ्या बाईला पूर्ण हंगामाचं औषध आणि ते पुढे कुठे मिळेल याची चिठ्ठी दिली पाहिजे. आजारपणाच्या खाड्यावरचा दंड बंद झाला पाहिजे. आणि धोक्याच्या खुणा गावागावांत सांगितल्या पाहिजेत: एका क्षणात विजेसारखं उठलेलं भयंकर दुखणं, तापाबरोबर मान ताठणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. अशा वेळी बाम लावत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

आपल्या चळवळीकडेही मागणं आहे. बैठका रात्री अकराला संपतात, कारण त्या पुरुषांच्या सोयीने ठेवलेल्या असतात. त्या संध्याकाळी सातला घ्या. जयंतीच्या मिरवणुकीतला छाती हादरवणारा डीजे आणि डोळ्यांत घुसणारे लेझर दिवे यांबद्दल बोललं की 'त्यांच्या सणाला चालतं, आपल्यालाच का सांगता' असं उत्तर मिळतं. मी त्यांच्याशी बरोबरी करायला धम्मात नाही. दर चौघांत एक जण मायग्रेनचा असेल, तर आपण आपल्याच माणसांना आपल्याच मिरवणुकीतून घरी पाठवतो आहोत.

यंदाची मिरवणूक मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, कानात कापूस घालून पाहिली. दिनदर्शिकेवर 14 एप्रिलला छापील निळा ठिपका होता, त्याभोवती माझा लाल गोल आला. रजिस्टरमधला 'कारण' हा रकाना मी आता रिकामा सोडत नाही आणि 'नाही' असंही लिहीत नाही. बाई जे सांगते ते लिहिते.

जय भीम.